पोट बंद करताना

पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला आणि घरच्यांना ज्या काळज्या लागलेल्या असतात त्यांत हर्निया सहसा नसतो. गाठ पुन्हा येईल का, आतड्याची जोडणी टिकेल का, जखमेत पू तर होणार नाही ना, याच प्रश्नांनी मन भरलेले असते आणि ते रास्तही आहे. मग सहा महिन्यांनी, वर्षाने, कधी तीन वर्षांनी जुन्या व्रणाच्या रेषेत एक फुगवटा जाणवू लागतो. खोकल्यावर तो बाहेर येतो, आडवे झाल्यावर आत जातो. कातडी शाबूत असते, पण तिच्याखालचे पोटाचे खरे आवरण तिथे उसवलेले असते आणि त्या फटीतून आतडे किंवा चरबीचा पदर पुढे आलेला असतो. मध्यरेषेत उभा छेद घेऊन पोट उघडलेल्या रुग्णांपैकी साधारण १० ते २० टक्के जणांना हे भोगावे लागते. लठ्ठ व्यक्तींत किंवा पोटातील महाधमनीच्या फुगवट्यासाठी शस्त्रक्रिया झालेल्यांत हे प्रमाण ३० टक्क्यांपर्यंत जाते. इतक्या वारंवार घडणाऱ्या गुंतागुंतीला अपवाद म्हणता येत नाही. तरीही आपल्याकडे तिच्याविषयी बोलले जाते ते एकतर नशिबाच्या भाषेत, नाहीतर रुग्णाच्या चुकीच्या भाषेत: जड उचलले असेल, पट्टा बांधला नसेल, वजन वाढू दिले असेल. या विषयाची ओळख करून देताना मला याच समजुतीशी वाद घालायचा आहे. आजवर जमलेला पुरावा असे सांगतो की हा हर्निया बऱ्याच वेळा व्रण कोवळा असतानाच ठरून गेलेला असतो, आणि त्यातला टाळता येण्याजोगा मोठा भाग शस्त्रक्रियेच्या अगदी शेवटच्या टप्प्यात, पोट बंद होत असताना, सर्जनच्या हातात असतो.

झालाच हर्निया तर पुन्हा शस्त्रक्रिया करून जाळी बसवता येते, मग एवढी चिंता कशाला, असा प्रश्न इथेच कोणी विचारेल. नेदरलँड्समधील सर्जनांनी या दुरुस्तीचीच तपासणी करणारी चाचणी २००० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध केली. रुग्णांची विभागणी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी केलेली होती. नुसते टाके घालून दुरुस्त केलेल्या हर्नियांपैकी ४३ टक्के तीन वर्षांत परत आले. जाळी लावलेल्यांत हे प्रमाण २४ टक्के होते. दहा वर्षांच्या पाठपुराव्याचे आकडे २००४ साली आले तेव्हा ते अनुक्रमे ६३ आणि ३२ टक्क्यांवर पोहोचले होते. हे हर्निया अवाढव्य नव्हते. सहा सेंटिमीटरपर्यंतचेच होते. त्यानंतर जाळी बसवण्याच्या पद्धती सुधारल्या हे खरे, पण प्रत्येक फसलेल्या दुरुस्तीनंतर पुढची दुरुस्ती अवघड होते, आतडी आवरणाला चिकटलेली असतात, आणि रुग्णाचे वय, मधुमेह, दम्याचा त्रास हे सगळे तोवर वाढलेले असते. शिवाय हर्निया नुसता दिसायला वाईट म्हणून त्रासदायक नसतो. वाकणे, उठणे, खोकणे अवघड होते. क्वचित आतडे फटीत अडकते, त्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि मग तासांचा हिशेब सुरू होतो. म्हणून दुरुस्तीचा मार्ग मोकळा आहे या भरवशावर प्रतिबंध दुय्यम मानणे मला पटत नाही.

पोटाच्या भिंतीच्या मध्यभागी, छातीच्या हाडापासून जांघेच्या हाडापर्यंत, दोन्ही बाजूंच्या स्नायूंची चिवट पांढरी पटले एकमेकांत विणली जाऊन एक पट्टी तयार होते. तिला लिनिया अल्बा म्हणतात. तिच्यात स्नायू नसतो, रक्तवाहिन्या थोड्या असतात, म्हणून तिथून पोट उघडणे सोपे, जलद आणि कमी रक्तस्रावाचे. सर्जनांना हा मार्ग आवडतो तो त्यामुळेच. पण दोन्ही बाजूंचे स्नायू श्वासागणिक, पावलागणिक याच पट्टीवर ओढ देत असतात, आणि जिथे रक्त कमी तिथे भरून येणेही संथ. कातडीचे टाके आठ-दहा दिवसांत निघतात म्हणून जखम भरली असे वाटते. आतले आवरण मात्र तेव्हा जवळजवळ केवळ धाग्याच्या जोरावर उभे असते. त्याची निम्मी ताकद परत यायला साधारण दोन महिने लागतात आणि पूर्वीइतके बळ त्याला पुढे कधीच येत नाही. म्हणजे पहिले कित्येक आठवडे भार वाहण्याचे काम धाग्याचे आणि तो धागा ज्या ऊतीत रुतला आहे त्या ऊतीचे. व्हिक्रिलसारखा लवकर विरघळणारा धागा तीन आठवड्यांत निम्म्याने दुबळा होतो, म्हणून तो इथे कामाचा नाही. प्रोलीन किंवा नायलॉन कधीच विरघळत नाहीत, पण त्यांच्यामुळे व्रणात दुखणे आणि गाठीपाशी वाहती जखम होण्याचे प्रमाण जास्त आढळले आहे, आणि हर्निया मात्र संथ विरघळणाऱ्या धाग्यापेक्षा कमी होत नाही. पीडीएससारखा संथ विरघळणारा, एकपदरी धागा आज योग्य मानला जातो तो या दोन टोकांमधून वाट काढत.

हर्निया तीन वर्षांनी दिसला तर तो तीन वर्षांनी झाला असे आपण धरून चालतो. इंग्लंडमधील पोलॉक आणि इव्हान्स यांनी ही समजूत तपासायला साधी युक्ती केली. पोट बंद करताना आवरणाच्या दोन्ही कडांवर धातूच्या लहान क्लिपा बसवल्या आणि महिन्याभराने एक्स-रे काढून कडांमधले अंतर मोजले. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार ज्यांच्यात कडा महिन्याभरातच १२ मिलिमीटर किंवा अधिक दूर गेल्या होत्या, त्यांच्यातच पुढे प्रामुख्याने हर्निया दिसले. ज्यांच्या कडा जवळ राहिल्या, ते जवळजवळ सगळे सुखरूप राहिले. पुढे २००५ साली रॉटरडॅमच्या संशोधकांनी शस्त्रक्रियेनंतरच्या महिन्यात इतर कारणांसाठी काढलेले सीटी स्कॅन पुन्हा पाहिले, तेव्हाही चित्र तेच निघाले: मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंचे स्नायू लवकरच दूर गेलेल्या रुग्णांत पुढे हर्निया उद्भवला. माझ्या दृष्टीने या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा शोध हाच. कातडीखाली फट आधीच पडलेली असते. ती वाढत जाते, आतडे हळूहळू तिच्यात घुसते, आणि रुग्णाला ती कळते तेव्हा तिला जबाबदार धरण्यासाठी जवळच कुठेतरी उचललेली बादली किंवा पोते सापडतेच.

मग फट का पडते? धागा तुटल्यामुळे किंवा गाठ सुटल्यामुळे असे वाटू शकते, पण असे क्वचितच घडते. बहुतेक वेळा धागा शाबूत असतो, गाठ पक्की असते, आणि तरी टाका ऊतीतून चिरत बाहेर आलेला असतो. ताणलेला दोरा खरवसातून जावा तसा. इंग्लंडमधील सर्जन टी. पी. एन. जेंकिन्स यांनी १९७६ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी’त याचे भूमितीय स्पष्टीकरण दिले. शस्त्रक्रियेनंतर पोट फुगते आणि त्याबरोबर छेदाची लांबी ३० टक्क्यांपर्यंत वाढू शकते. धागा काही ताणून वाढत नाही. त्याला वाढीव लांबी पुरवायची तर ती टाक्यांच्या वळणांतच साठलेली असली पाहिजे. नसेल तर धागा ऊतीला कापणार. त्यांच्या गणिताने निघालेला नियम असा की वापरलेला धागा छेदाच्या लांबीच्या किमान चौपट असावा. २० सेंटिमीटरच्या छेदाला ८० सेंटिमीटर धागा आवरणात गेला पाहिजे. हे तपासायला कोणतेही यंत्र लागत नाही: छेद मोजायचा, उरलेला धागा मोजायचा, वजाबाकी करायची. पन्नास वर्षांपूर्वी हाती आलेला, एका निर्जंतुक पट्टीवर भागणारा हा नियम अजूनही असंख्य शस्त्रक्रियागृहांत मोजून पाळला जात नाही, याची मला खंत वाटते.

चौपटीचा नियम दोन प्रकारे पाळता येतो: कडेपासून लांब, मोठे टाके घ्यायचे किंवा कडेजवळ लहान आणि पुष्कळ. पिढ्यान्‌पिढ्या सर्जनांना शिकवले गेले ते पहिले. कडेपासून एक सेंटिमीटर आत, एक सेंटिमीटर अंतरावर, भरपूर ऊती धरून. तर्क वरवर निर्दोष आहे: जास्त धरले म्हणजे पक्के धरले. स्वीडनमधील सुंड्सव्हाल येथे लीफ इस्राएल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या तर्कालाच हात घातला. मोठ्या टाक्यात चिवट पटलाबरोबर चरबी आणि स्नायूही येतात. ती मऊ ऊती धाग्याखाली दबते, रक्ताला मुकते, मरते आणि आक्रसते. टाका सैल होतो, कडा सरकतात. मेलेल्या ऊतीत जंतूंनाही घर मिळते. लहान टाका फक्त पटल धरतो, त्यात दबण्यासारखे काही नसते. मिल्बुर्न आणि इस्राएल्सन यांची चाचणी २००९ साली प्रसिद्ध झाली. ७३७ रुग्णांत कडेपासून ५ ते ८ मिलिमीटरवरचे लहान टाके आणि १० मिलिमीटरहून लांबचे मोठे टाके यांची तुलना होती. वर्षभरात हर्निया लहान टाक्यांत ५.६ टक्के, मोठ्यांत १८ टक्के. जखमेतील संसर्ग ५.२ आणि १०.२ टक्के. धाग्याचा प्रकार तोच. मुख्य बदल काही मिलिमीटरांचा.

एका केंद्रावरच्या, या कामात मुरलेल्या चमूच्या निकालावर विश्वास ठेवायला जग कचरते, आणि ते योग्यच आहे. नेदरलँड्समध्ये दहा रुग्णालयांत ५६० रुग्णांवर झालेल्या ‘स्टिच’ चाचणीने तीच कल्पना पुन्हा तपासली. ‘लॅन्सेट’मध्ये २०१५ साली आलेले तिचे निकाल स्वीडनइतके झगझगीत नव्हते, पण दिशा तीच होती: वर्षभराने हर्निया लहान टाक्यांत १३ टक्के, मोठ्यांत २१ टक्के. वेदना वाढल्या नाहीत, इतर गुंतागुंती वाढल्या नाहीत. जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या पुढच्या ‘एस्टोइह’ (ESTOIH) चाचणीत मात्र वर्षाअखेरचा फरक, ३.३ विरुद्ध ६.४ टक्के, संख्याशास्त्राच्या निकषावर ठाम ठरला नाही. लहान टाक्यांवर शंका घेणारे या चाचणीकडे बोट दाखवतात. पण तिथे दोन्ही गटांना खास लवचिक, अतिसंथ विरघळणारा धागा वापरला होता आणि दोन्ही गटांत पोट काटेकोरपणे, ठरलेल्या पद्धतीने बंद केले होते. दोन्हीकडचे प्रमाण नेहमीच्या १० ते २० टक्क्यांच्या खूप खाली राहिले, हीच त्या चाचणीतली मोठी गोष्ट. टाक्याच्या आकाराइतकेच नियमाने बंद करण्याला महत्त्व आहे, असा तिचा अर्थ मी लावतो, आणि तो माझ्या मुद्द्याला बळच देतो.

वेळेचा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो. चार तासांची शस्त्रक्रिया संपत आलेली असते, वरिष्ठ सर्जन हातमोजे काढून पुढच्या रुग्णाकडे वळलेले असतात, भूलतज्ज्ञाला यादी पुढे सरकवायची असते, आणि पोट बंद करण्याचे काम चमूतल्या सर्वांत नवख्या हाताकडे जाते. ‘स्टिच’मध्ये लहान टाक्यांना सरासरी १४ मिनिटे लागली, मोठ्यांना १०. फरक चार मिनिटांचा. या चार मिनिटांपुढे ठेवायचा तो दुसऱ्या शस्त्रक्रियेचा दिवस, दुसऱ्यांदा दिलेली भूल, बुडालेली मजुरी. निवासी डॉक्टरांनी पोट बंद करू नये असे मी म्हणत नाही; ते त्यांनीच शिकले पाहिजे. पण आतड्याची जोडणी शिकवताना वरिष्ठ जसे शेजारी उभे राहतात तसे इथेही उभे राहावे, आणि तोवर भूल हलकी होऊ देऊ नये, कारण ताठ पोटावर लहान टाके नीट बसत नाहीत. याच टप्प्यावरची आणखी एक सोपी गोष्ट २०२२ साली सिद्ध झाली. भारतासह सात देशांतल्या ८१ रुग्णालयांत, १३ हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या ‘चीटा’ चाचणीत जखम बंद करण्यापूर्वी सगळ्यांनी हातमोजे आणि हत्यारे बदलली, तेव्हा जखमेतील संसर्ग १८.९ वरून १६ टक्क्यांवर आला. जखम चिघळली की हर्नियाची शक्यता वाढते, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. म्हणून हातमोज्यांची ती नवी जोडीही हर्नियाच्या प्रतिबंधात मोजली पाहिजे.

रुग्णाच्या शरीराचा दोष काहीच नाही का, हा दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आहे, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. लठ्ठपणा, मधुमेह, कुपोषण, स्टेरॉइडची औषधे, जुनाट खोकला हे सगळे जखमेच्या विरोधात काम करतात. डेन्मार्कमधील सोरेन्सन यांच्या २००५ सालच्या अभ्यासात धूम्रपान करणाऱ्यांत हर्नियाचा धोका जवळपास चौपट आढळला. धुराने प्राणवायू घटतो आणि व्रणाला बळ देणारे कोलॅजन नीट बनत नाही. पण यातून निघणारा निष्कर्ष आपण उलटा काढतो. ज्याची ऊती दुबळी त्याच्या बाबतीत टाक्याची चूक खपण्याला वावच नाही. तिथे पद्धत अधिक काटेकोर हवी. आणि ठरवून करायची शस्त्रक्रिया असेल तर आधीचे आठवडेही उपचाराचेच असतात. डेन्मार्कमध्येच सांधेरोपणाच्या रुग्णांनी सहा ते आठ आठवडे आधी धूम्रपान सोडले किंवा निम्म्याने कमी केले, तेव्हा एकूण गुंतागुंती ५२ वरून १८ टक्क्यांवर आल्याचे २००२ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापले गेले. ते सांधे होते, पोट नव्हे. पण जखम भरण्याचे शरीरशास्त्र सांध्यापुरते वेगळे नसते. ‘बिडी सोडा’ एवढे पर्चीवर लिहून भागत नाही. तारीख दोन महिन्यांनी दिली आणि मधल्या काळात पाठपुरावा केला तरच त्या सल्ल्याला वजन येते.

पट्टा आणि वजन उचलण्याची बंदी या दोन गोष्टी तर आपल्याकडे प्रतिबंधाचा पर्यायच बनल्या आहेत. पट्ट्याने पहिल्या दिवसांत दुखणे थोडे कमी वाटते, उठबस करायला धीर येतो, म्हणून तो जरूर बांधावा. हर्निया त्याने टळतो असे दाखवणारा भक्कम पुरावा मात्र नाही. वजनाचेही तसेच. निरोगी माणसांच्या पोटातला दाब मोजणाऱ्या अभ्यासांत सर्वाधिक दाब खोकताना आणि उडी मारताना आढळतो, हलके वजन उचलताना नव्हे. म्हणजे रुग्णाच्या खोकल्याचा इलाज, उलट्या थांबवणे, बद्धकोष्ठ होऊ न देणे या गोष्टी पाण्याच्या कळशीपेक्षा अधिक लक्ष मागतात. काही आठवडे खूप जड उचलू नये हा सल्ला चुकीचा नाही, पण तो कोणाला दिला जातो हेही पाहिले पाहिजे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या प्रकरणी राज्य सरकारने २०१९ साली समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. जिच्या जोडीने मुकादमाकडून उचल घेतली आहे आणि जिला पहाटे उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढायचे आहे, तिला ‘तीन महिने जड उचलू नका’ असे सांगून डॉक्टरांची जबाबदारी संपत नाही. तिच्या बाबतीत पहिला प्रतिबंध म्हणजे गरज नसलेली शस्त्रक्रिया न करणे. आणि पोट उघडावेच लागले तर ते असे बंद करणे की तिच्या आयुष्याचा भार त्याला सोसावा.

छेद कुठे घ्यायचा, हा निर्णयही पोट बंद करण्यातच मोडतो असे मी मानतो, कारण नंतर काय शिवायचे ते तिथेच ठरते. आडव्या छेदांत उभ्या मध्यरेषेपेक्षा हर्निया कमी होतात हे अनेक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसले आहे. ओटीपोटावरचा आडवा छेद, जो जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ फानेनस्टील यांनी १९०० साली वर्णन केला आणि जो आज सिझेरियनसाठी जगभर वापरला जातो, तो तर याबाबतीत फारच विश्वासू आहे. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने धोका खूप घटला, यात शंका नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उडवाडिया यांनी १९९० साली दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची भारतातली पहिली शस्त्रक्रिया केली आणि ही विद्या पुढे देशभर शिकवली. आज तालुक्याच्या गावीही पित्ताशयासाठी सहसा पोट उघडावे लागत नाही. पण दुर्बिणीमुळे हा प्रश्न कालबाह्य होईल ही आशा फोल आहे. १० मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्या छिद्राचे आवरण शिवायचे राहिले तर तिथेही हर्निया होतो, विशेषतः बेंबीपाशी. आतड्याचा कापलेला भाग बाहेर काढण्यासाठी शेवटी एक छेद घ्यावाच लागतो, आणि तो सवयीने मध्यरेषेत घेतला तर दुर्बिणीने मिळवलेला फायदा तिथे हातचा जातो. तोच भाग ओटीपोटाच्या आडव्या छेदातून काढला तर हर्निया लक्षणीय कमी होतात.

ज्यांना धोका फार मोठा आहे त्यांच्यात पहिल्याच वेळी जाळी बसवावी का? ‘प्रिमा’ चाचणीत महाधमनीच्या फुगवट्याचे किंवा २७ वा अधिक बॉडी मास इंडेक्स असलेले ४८० रुग्ण होते. दोन वर्षांनी नुसत्या टाक्यांत ३० टक्के, आवरणावर जाळी बसवलेल्यांत १३ टक्के आणि स्नायूमागे बसवलेल्यांत १८ टक्के हर्निया आढळले. ३० वरून १३ ही मोठी घट आहे. पण वर बसवलेल्या जाळीखाली पाणी साठण्याचे प्रमाण वाढले, आणि त्या चाचणीतले टाके हे आजच्या अर्थाने लहान टाके नव्हते. नीट घातलेल्या लहान टाक्यांवर जाळी आणखी किती भर घालते, याचे उत्तर त्या आकड्यांतून मिळत नाही. युरोप आणि अमेरिकेतल्या हर्निया संघटनांच्या २०२२ सालच्या मार्गदर्शिकेने ठरवून केलेल्या शस्त्रक्रियांत जाळीचा विचार करता येईल एवढेच म्हटले आहे, आणि मला तो संयम योग्य वाटतो. ज्या रुग्णालयात चौपटीचा नियम मोजला जात नाही तिथे आधी जाळी विकत घेणे म्हणजे क्रम चुकवणे.

सर्वांत कठीण आक्षेप इथल्या सर्जनांचा आहे आणि तो मी शेवटी घेतो, कारण त्याचे पूर्ण उत्तर अजून कोणाकडेच नाही. हे सारे आकडे, त्यांचे म्हणणे, ठरवून केलेल्या शस्त्रक्रियांचे आहेत. आमच्याकडे रात्री दोन वाजता टायफॉइडने किंवा क्षयाने आतड्याला छिद्र पडलेला, तीन दिवस उशिरा पोहोचलेला, पोटभर पू झालेला, रक्त कमी असलेला माणूस येतो. त्याच्या सुजलेल्या, ठिसूळ पटलात पाच मिलिमीटरवरचा टाका टिकेल कसा? हा प्रश्न खोटा नाही. दिल्लीच्या एम्समधील सर्जनांनी याच कारणासाठी सलग टाक्याऐवजी सुट्या, फुलीच्या आकाराच्या टाक्यांची पद्धत आखली आणि तातडीच्या रुग्णांत पोट उसवण्याविरुद्ध, म्हणजे शिवलेले आवरण काही दिवसांतच पूर्ण उघडण्याविरुद्ध, ती चाचणीत तपासून पाहिली. एका ठिकाणी टाका चिरत गेला तरी बाकीचे उभे राहतात, हा त्यामागचा विचार पटण्यासारखा आहे. दुसरीकडे डेन्मार्कमधल्या एका चमूने २०१७ साली दाखवले की तातडीच्या शस्त्रक्रियांतही संथ विरघळणारा सलग धागा, लहान अंतरे आणि चौपटीचे गुणोत्तर सक्तीचे केल्यावर पोट उसवण्याचे प्रमाण ६.६ वरून ३.८ टक्क्यांवर आले. ती आधी-नंतरची तुलना होती, चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हे, त्यामुळे तिच्यावर फार भार टाकू नये. पण डॅनिश पू आणि आपला पू यांत जातीचा फरक नाही. फरक उशिराचा आणि कुपोषणाचा आहे. या दोन पद्धतींतली आपल्या रुग्णाला मानवणारी कोणती, हे ठरवण्याइतके तातडीचे रुग्ण ससून, जे. जे., केईएम, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, मिरज इथल्या शिकवणाऱ्या रुग्णालयांत दरवर्षी येतात. ते उत्तर युरोपातून येणार नाही, कारण तिथे असे रुग्णच कमी आहेत.

त्यासाठी आधी हर्निया मोजले गेले पाहिजेत, आणि तेच होत नाही. जर्मनीतल्या दोन मोठ्या चाचण्यांतील रुग्णांचा पाठपुरावा लांबवला तेव्हा वर्षाअखेर १२.६ टक्के असलेले प्रमाण तिसऱ्या वर्षाअखेर २२.४ टक्क्यांवर गेले. जवळपास निम्मे हर्निया पहिल्या वर्षाच्या तपासणीत दिसलेलेच नव्हते. ज्या सर्जनने पोट बंद केले त्याच्याकडे तिसऱ्या वर्षी कोण परत जातो? रुग्ण गावी गेलेला असतो, फुगवटा दिसल्यावर तो जवळच्या दुसऱ्या डॉक्टरांकडे जातो, आणि पहिल्या सर्जनला आपले काम उत्तम झाले असेच वाटत राहते. पुढच्या प्रकरणांत धागे, सुया, छेद आणि जाळ्या यांचा तपशील येईल. तो वाचताना प्रत्येक डॉक्टरने शस्त्रक्रियेच्या नोंदीत चार गोष्टी लिहिण्याची सवय लावावी अशी माझी विनंती आहे: छेदाची लांबी, वापरलेल्या धाग्याची लांबी, धाग्याचा प्रकार व जाडी, आणि पोट कोणी बंद केले. याच चार ओळी डिस्चार्ज कार्डावर मराठीत उतरवल्या आणि वर्षाने व तीन वर्षांनी फोन करून रुग्णाला जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात व्रणावर हात ठेवून, खोकायला लावून तपासून घ्यायला सांगितले, तर कोणाचे टाके टिकतात आणि कोणाचे नाही हे इथल्या रुग्णालयांना स्वतःच्याच वहीतून कळू लागेल.